कुटुंबचिकित्सा आणि ग्रामीण शिक्षक



सांगली जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यातील शाळेत वर्षातून चारदोन वेळा तरी एक प्रसंग घडतोच. एखादी आई किंवा आजी मुलाचे मनगट धरून वर्गाच्या दाराशी येते आणि म्हणते, "गुरुजी, पोरगं लईच वांड झालंय. घरात कुणाचं ऐकत न्हाई. तुमीच दोन द्या त्याला." या विनंतीत शिक्षकाविषयीचा विश्वास असतो, तशीच घरातील सारे उपाय थकल्याची कबुलीही असते. शिक्षकाच्या हाती मात्र पूर्वीचा उपाय उरलेला नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास या दोहोंस मनाई केली आहे आणि १ एप्रिल २०१० पासून तो कायदा अंमलात आहे. तो उपाय गेला हे बरेच झाले. कारण घरी मार खाऊन जे मूल सुधारले नाही ते शाळेत मार खाऊन सुधारेल, ही समजूत कोणत्याच अनुभवावर टिकणारी नव्हती. परंतु आजीचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

अलीकडे पुष्कळ शिक्षक अशा वेळी "सांगलीला समुपदेशकांकडे दाखवून आणा" असे सांगतात. सल्ला योग्य, पण अपुरा आहे. तेथे काय चालते, किती वेळा जावे लागते, कोणी जावयाचे असते, हे सांगणारासच ठाऊक नसेल तर ऐकणाराचे पाऊल उचलत नाही. शिवाय "दाखवून आणा" हा शब्दप्रयोगच थोडा दिशाभूल करणारा आहे. ताप आलेले मूल दाखवून, औषध घेऊन परत आणता येते. येथे औषधाची बाटली बहुधा नसतेच. आणि ज्यांना शिकावयाचे असते त्यांत मुलापेक्षा मोठ्या माणसांचा वाटा अधिक असतो. ही एक गोष्ट पालकांस आधी समजली नाही, तर ते दुसऱ्या भेटीनंतर जाणे सोडतात.

प्रथम नावांचा गोंधळ दूर करणे इष्ट. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदवीधर असून तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ चाचण्या व संवादाच्या पद्धतींनी उपचार करतो, औषधे देत नाही. समुपदेशक हा शब्द सैलपणे वापरला जातो व त्यामागील शिक्षण कमीअधिक असू शकते. म्हणून पालकांनी त्याचे शिक्षण विचारण्यात काही गैर नाही. कुटुंबचिकित्सा आणि पालकांस वर्तनविषयक मार्गदर्शन ही दोन निरनिराळी पण शेजारची कामे आहेत. पहिल्यात सारे घर एकत्र बसवून घरातील माणसांच्या परस्परसंबंधांकडे पाहिले जाते. दुसऱ्यात मुलाचा सांभाळ करणाऱ्या एकदोन माणसांस मुलाशी कसे बोलावे, केव्हा लक्ष द्यावे, केव्हा देऊ नये, हे प्रत्यक्ष करवून शिकविले जाते.

या दुसऱ्या पद्धतीचा उगम अमेरिकेतील ऑरेगन राज्यात झाला. तेथे पोर्टलंड येथील वैद्यकीय विद्यापीठात कॉन्स्टन्स हॅन्फ या बाईंनी १९६० नंतरच्या दशकात आईस व मुलास एका खोलीत खेळावयास बसवून, स्वतः काचेपलीकडून पाहात, आईच्या कानातील लहानशा यंत्रातून तिला तेथल्या तेथे सूचना देण्याची रीत सुरू केली. पुढील दशकात शीला आयबर्ग यांनी तिला व्यवस्थित रूप दिले. त्याच राज्यात जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघरी निरीक्षक पाठवून आई, बाप, मुले काय बोलतात आणि त्यानंतर काय घडते याच्या बारीक नोंदी करविल्या. या नोंदींतून त्यांना जे दिसले ते आपल्याकडील कोणत्याही माजघरात दिसेल, म्हणून त्याचा येथे विस्तार करणे आवश्यक आहे.

समजा, खानापूर तालुक्यातील एका गावात तिसरीत शिकणारा एक मुलगा आहे. विटा-आटपाडी भागातील हजारो कुटुंबांप्रमाणे त्याचा बाप सोनेचांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी दूरच्या शहरात आहे. आई धाकट्या मुलीस घेऊन तेथेच असते. मुलगा आजी-आजोबांजवळ. संध्याकाळी तो आजीजवळ मोबाईल मागतो. आजी म्हणते, नाही. तो पुन्हा मागतो, रडतो, जेवणाचे ताट सरकवितो. आजी ओरडते. तो ताट फेकतो. शेजारपाजारच्या बायका डोकावतात. आजी मोबाईल त्याच्या हातावर आपटते आणि म्हणते, घे बाबा, मर. घरात शांतता होते.

या पाच मिनिटांत दोन धडे शिकले गेले. मुलगा शिकला की, मागून मिळत नाही, रडून मिळत नाही, ताट फेकले म्हणजे मिळते. हा धडा सर्वांच्या लक्षात येतो. दुसरा धडा आजी शिकली व तो सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही : दिले म्हणजे कटकट थांबते. मुलाला मोबाईलचे बक्षीस मिळाले, तसे आजीला शांततेचे मिळाले. उद्या दोघेही आपापला धडा थोडा अधिक लवकर गिरवितील. कधी उलटेही घडते. काका येऊन मुलाच्या थोबाडीत देतो, मुलगा तत्काळ गप्प होतो. आणि मारल्याने काम होते असा धडा काका शिकतो. मुलगा दुसऱ्या दिवशी हाच धडा मधल्या सुट्टीत पहिलीच्या मुलावर वापरतो. पॅटरसन यांनी या चक्राला परस्परांवरील जबरदस्तीचे चक्र म्हटले. त्यांच्या म्हणण्यातील महत्त्वाचा भाग असा की, यात कोणी दुष्ट नसतो. प्रत्येकजण त्या क्षणापुरता सुटकेचा मार्ग काढीत असतो, आणि सगळ्यांचे मार्ग मिळून फास आवळतो.

आता प्रशिक्षक काय करतो? पालकांची अपेक्षा असते की तो मुलाला समोर बसवून चार गोष्टी समजावून सांगेल. तो तसे करीत नाही. समजावणे या मुलाच्या वाट्यास आधीच भरपूर आलेले असते. आरंभीच्या भेटींत तो आजीलाच मुलाबरोबर खेळावयास बसवितो. रोज घरी पाच-दहा मिनिटे हाच खेळ करावयाचा असतो. नियम थोडे पण कठीण आहेत. खेळ मुलाने निवडावयाचा. त्या वेळात हुकूम द्यावयाचा नाही, प्रश्न विचारावयाचा नाही, चूक काढावयाची नाही. मूल जे करते ते शब्दांत सांगावयाचे : "तू लाल ठोकळा वर ठेवलास." चांगले केले तर नेमके काय चांगले ते सांगावयाचे. नुसते "शाब्बास" पुरत नाही. "माझ्या हाती खडू हळूच दिलास, बरं वाटलं" असे म्हणावयाचे. ऐकताना हे सोपे वाटते. ज्या घरात मुलाशी बोलणे म्हणजे ऊठ, जा, आण, गप्प बैस, अभ्यास केलास का, एवढेच उरलेले असते, तेथे पाच मिनिटे हुकमावाचून बोलणे किती अवघड आहे, हे करून पाहिल्यावाचून कळत नाही. शिक्षकांनीही वर्गात एकदा दहा मिनिटे आपली वाक्ये मोजून पाहावीत.

"खेळायला शिकायला दवाखान्यात जायचं व्हय?" असे आजोबा हसून म्हणतील. त्यांना उत्तर असे की, पुढचा सारा भाग या खेळावर उभा आहे. ज्या माणसाचे लक्ष मिळणे मुलास गोड वाटते, त्याच माणसाने लक्ष काढून घेतले तर मुलास जाणवते. ज्याच्याकडून केवळ रागावणेच मिळते त्याने पाठ फिरविली, तर मुलास सुटल्यासारखेच वाटेल. म्हणून आधी नाते जोडणे, मग शिस्त. दुसऱ्या टप्प्यात आजीस हुकूम देण्याची रीत शिकविली जाते. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. शांत आवाजात, जवळ जाऊन, मुलाला करता येईल अशी सांगावी. "नीट वाग" हा हुकूम नव्हे, कारण त्याचे पालन झाले की नाही हे मुलालाही ठरविता येत नाही. "दप्तर खुंटीला लाव" हा हुकूम. सांगून झाल्यावर थोडे थांबावे. केले तर लगेच दखल घ्यावी. न केल्यास काय होईल हे आधी ठरलेले असावे, ते लहान असावे, आणि दर वेळी तेच व्हावे. कधी मार, कधी माफी, कधी मोबाईल, असे झाले तर मूल प्रत्येक वेळी नशीब अजमावून पाहते. जुगारी माणूस पत्ते टाकून का उठत नाही, त्याचे कारणही हेच आहे.

येथे कुटुंबचिकित्सेची गरज लागते. आजी हे सर्व शिकली, पण रात्री दूरच्या शहरातून बापाचा फोन येतो आणि तो पडद्यावरूनच मुलावर ओरडतो. आई अपराधी वाटून त्याला हवे ते पाठविण्याचे कबूल करते. आजोबा म्हणतात, आमच्या वेळी असले काही नव्हते. काकाचा हात तयारच असतो. घरात चार कायदे आणि चार न्यायाधीश असले तर मूल सोयीचे न्यायालय निवडते. हे त्याच्या हुशारीचे लक्षण आहे. फक्त ती हुशारी भलत्या कामी येते. अशा वेळी चिकित्सक सर्वांस एकत्र बोलावितो. दूर असलेल्या बापास फोनवर घेणे आता सहज शक्य आहे. तेथे मुलाच्या तक्रारीपासून बोलणे निघते व पुष्कळदा ते भलतीकडे जाते. सासूने वाढविलेले मूल आपले राहिले नाही हे आईचे दुःख, म्हातारपणी अंगावर पडलेल्या जबाबदारीचा आजीचा शीण, परमुलखात राबूनही घरात आपला शब्द चालत नाही हा बापाचा सल, या गोष्टी बाहेर येतात. चिकित्सक कोणाची बाजू घेत नाही. मुलाच्या बाबतीत दोनतीन नियम सर्वांनी मिळून ठरवावे आणि मोठ्यांची भांडणे मुलाच्या डोक्यावरून लढू नयेत, एवढ्यावर तो घराला आणतो.

भारतात घराला उपचारात सामील करून घेण्याची कल्पना परकी नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांस रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहावयास लावले. पुढे वेल्लोर आणि बंगळूर येथील संस्थांनी हा मार्ग पुढे नेला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत कुटुंबाच्या मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. पाश्चात्य देशांत रुग्णास घरापासून तोडून संस्थेत ठेवण्याची रीत रूढ असताना येथे घरच दवाखान्यात आणले गेले. मुलांच्या बाबतीत पालकशिक्षणाचा पाया तर गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापून घातलाच होता. मूल हट्ट का करते हा प्रश्न मुलाला न विचारता पालकांस विचारावा, हे त्यांच्या कार्याचे एक सूत्र होते.

खेड्यात असले शिक्षण कोण देणार, अशी शंका रास्त आहे. या शंकेस शेजारच्या गोव्यातून एक उत्तर मिळाले आहे. तेथील संगाथ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचे काम करते. स्वमग्नता असलेल्या लहान मुलांच्या पालकांसाठी आखलेली एक पद्धत गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी अशा दोन ठिकाणी एकाच वेळी तपासण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१६ साली लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या वैद्यकीय नियतकालिकात आले. २ ते ९ वर्षे वयाच्या ६५ मुलांचा तीत समावेश होता. विशेष असे की, पालकांस शिकविणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेले साधे आरोग्य-कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत बारा भेटी. आई मुलाशी खेळत असतानाचे लहानसे चित्रण करावयाचे आणि नंतर आईबरोबर बसून ते पाहावयाचे : येथे मुलाने तुमच्याकडे पाहिले, येथे तुम्ही थांबलात म्हणून तो बोलला. या भेटींनंतर आईबापांचे मुलाच्या कलाने वागणे वाढले आणि मुलेही आपण होऊन संवाद सुरू करू लागली. सर्वच बाबतींत लाभ झाला असे मात्र नाही. आई व मूल यांचे लक्ष एकाच वस्तूवर एकत्र राहण्याचा वेळ कमी झाला, असेही त्याच तपासणीत नोंदले गेले. स्वमग्नता आणि हट्टीपणा या अगदी भिन्न गोष्टी होत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. परंतु तज्ज्ञांवाचून, साध्या घरात, पालकास शिकविता येते एवढे यावरून नक्की दिसते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली पालकांसाठी अशा कार्यक्रमांची शिफारस केली आहे.

सांगली जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर वाट कोठून सुरू करावी? शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिरजेस १९६२ पासून आहे आणि सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय त्यास जोडलेले आहे. पहिली चौकशी तेथील मानसोपचार विभागात करणे सोयीचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे वैद्यकीय पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येणे अपेक्षित असते. पथक दात व डोळे पाहून जाते, तेव्हा शिक्षकाने वर्तनाविषयीच्या नोंदीही त्याच्यापुढे ठेवाव्यात. विकासातील विलंब हा त्या कार्यक्रमाचाच एक विषय आहे. तेथून मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. ज्यांना प्रवास शक्य नाही त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनिसेवा आहे, क्रमांक १४४१६. ती रात्रंदिवस चालते व मराठीतून बोलता येते. हा क्रमांक कार्यालयातील फळ्यावर लिहून ठेवण्यास खडूपलीकडे खर्च नाही.

पाठविण्यापूर्वी शिक्षकाने एक काम करावे, आणि ते त्याच्यावाचून दुसऱ्या कोणास साधणारे नाही. दोन आठवडे नोंदी ठेवाव्यात. "मुलगा वांड आहे, अभ्यासात लक्ष नाही" या नोंदीचा चिकित्सकास काहीही उपयोग नाही. "सोमवार, मधल्या सुट्टीनंतर. गणिताचे उदाहरण फळ्यावर लिहिण्यास सांगितले. शेजारच्या मुलाची वही फाडली. वर्गाबाहेर उभे केले. बाहेर खुशीत होता." ही नोंद सोन्यासारखी आहे. आधी काय झाले, मुलाने काय केले, त्यानंतर काय झाले, या तीन गोष्टी तीत आल्या. अशा आठदहा नोंदी जमल्या म्हणजे कदाचित शिक्षकासच दिसेल की, वही फाडणे गणिताच्याच तासाला होते आणि बाहेर काढल्याने मुलास हवे तेच मिळते. मग प्रश्न हट्टाचा नसून अंक न समजण्याचा असू शकतो. अध्ययन-अक्षमतेस दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात स्थान आहे. ऐकू कमी येणे, दृष्टी अधू असणे, पंडुरोग, अपुरी झोप, क्षणभर भान हरपणारी फेफऱ्याची सौम्य जात, यांनीही मूल "ऐकत नाही" असे दिसते. ज्याच्या कानातून पू वाहतो त्याला आज्ञापालन शिकवीत बसणे हा अन्याय होय. म्हणून शरीराची तपासणी प्रथम.

पालकांशी बोलावयाचे कसे? पालकसभेत सर्वांसमक्ष नव्हे, बाजारात वा पारावर नव्हे. घरी जाणे शक्य असेल तर घरी, नाहीतर शाळा सुटल्यावर. बोलण्याचा आरंभ मुलाच्या एखाद्या खऱ्या गुणाने करावा. खोट्या स्तुतीचा वास पालकांस लगेच येतो. "तुमचे चुकते" हे शब्द उच्चारू नयेत, आणि चेहऱ्यावरही ते दिसू नयेत. "काही मुलांना नेहमीपेक्षा अधिक कौशल्याने वाढवावे लागते, ते कौशल्य शिकविणारी माणसे सांगलीत आहेत," असे सांगितले तर आजीचा मान राहतो. "पोराला वेड लागलंय का?" हा प्रश्न हमखास येतो. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी या चार ठिकाणी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि मानसोपचार म्हटले की खेड्यातील माणसाच्या डोळ्यांपुढे येरवडा किंवा रत्नागिरीच येते. मुलाबरोबर ठोकळे घेऊन बसण्याच्या कामाचा त्याच्याशी संबंध नाही, हे स्पष्ट सांगावे. भावकीत लग्नाच्या वेळी गोष्ट निघेल ही भीती मुलींच्या बाबतीत विशेष असते. शिक्षकाने ती हसण्यावारी नेऊ नये. आपल्या तोंडून ही गोष्ट शिक्षककक्षातही जाणार नाही असा शब्द द्यावा आणि पाळावा.

वेळेचा हिशेबही आधी सांगावा. अशी मार्गदर्शने बारा ते वीस भेटींपर्यंत चालतात. जत तालुक्याच्या टोकाच्या गावाहून सांगलीस जाऊन येणे म्हणजे एक दिवसाचा रोजगार आणि दोन तिकिटे. ऊसतोडीला जाणाऱ्या घराचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्या घराला डिसेंबरात आरंभ करावयास सांगणे म्हणजे न करण्यास सांगणे. द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत तासगावकडील पालकास सवड नसते. भेटी एकाआड एक प्रत्यक्ष व फोनवर घेता येतील काय, हे चिकित्सकास विचारण्याचा पालकास अधिकार आहे, पण तो त्यास कोणीतरी सांगावा लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : सुधारणा होण्यापूर्वी मूल काही दिवस अधिक बिघडते. ज्या दिवशी आजी पहिल्यांदा ठामपणे मोबाईल देत नाही, त्या दिवशी मुलगा ताटावर थांबत नाही. त्याचे जुने हत्यार चालेनासे झाले, म्हणून तो ते अधिक जोराने चालवून पाहतो. ही गोष्ट चिकित्साशास्त्रात सुपरिचित आहे आणि बहुतेक कुटुंबे नेमक्या याच ठिकाणी माघार घेतात. तिसऱ्या दिवशी आजी हरली, तर मुलगा शिकतो की तीन दिवस ताणले म्हणजे मिळते. मग आरंभापेक्षा स्थिती वाईट होते. हे घडण्याआधी आजीला सांगणारे कोणी गावात असेल तर ते शिक्षकच. चिकित्सक सांगलीत असतो, पुढची भेट पंधरा दिवसांनी असते. शाळेचे दार मात्र रोज उघडे असते. त्या आठवड्यात "कसं चाललंय, आजी?" एवढे विचारले आणि "हे होणारच होतं, असंच ठरल्याप्रमाणे चालू ठेवा" एवढे सांगितले, तरी पुष्कळ होते. तथापि मुलाने स्वतःस वा दुसऱ्यास इजा होईल असे काही केले तर दुर्लक्षाचा नियम लागू नाही. त्या वेळी मुलास सुरक्षित करून लगेच चिकित्सकास कळवावे.

काही घरांत हा मार्ग प्रथम घ्यावयाचाच नसतो. मुलाच्या अंगावर वळ दिसत असतील, लैंगिक अत्याचाराची शंका असेल, बापाच्या दारूने घरात रोज मारहाण होत असेल, तर आईला ठोकळ्यांचा खेळ शिकविणे ही क्रूर थट्टा ठरेल. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या १९ व्या कलमाप्रमाणे अशा अपराधाची माहिती किंवा तो होण्याची भीती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे, आणि शिक्षक त्यास अपवाद नाही. मुलांच्या मदतीचा क्रमांक १०९८ आहे. मूल मरणाविषयी बोलू लागले तर ते नाटक आहे की खरे, हे ठरवीत बसू नये; त्याच दिवशी त्यास दवाखान्यात पोहोचवावे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेच्या पुराने ज्या गावांना वेढले, तेथे पावसाळ्यात एखादे मूल आईला सोडीत नाही, शाळेत येत नाही. त्याला हट्टी म्हणू नये. ती भीती आहे, तिच्यावर उपचार निराळा आहे, आणि पूर ओसरल्यावर ती लगेच ओसरत नाही.

वर्गात शिक्षकाने काय करावे, हे चिकित्सकास चिठ्ठी लिहून विचारावे. बहुधा उत्तर असे येईल की, घरी जे दोन नियम ठरले तेच दोन शाळेत चालू ठेवा, आणि मूल ठीक वागत असताना त्याच्याकडे लक्ष द्या. दुसरी सूचना पाळणे चाळीस मुलांच्या वर्गात, त्यातही दोन इयत्ता एकत्र असलेल्या शाळेत, अवघड आहे हे खरे. गप्प बसलेले मूल म्हणजे त्या दिवशीचा विसावा असतो. पण जे मूल ताट फेकल्यावरच दिसते, ते शाळेतही वही फाडल्यावरच दिसत असेल, तर घरी आजीने केलेले कष्ट वाया जातात. दिवसातून तीन वेळा, नेमके शब्द वापरून, त्याच्या जवळून जाताना हळूच म्हटलेले वाक्य पुरते. सर्वांसमोर केलेली मोठी स्तुती अशा मुलास कधीकधी सोसत नाही. ज्या दिवशी ते वाक्य उच्चारण्याजोगे काहीच घडत नाही, त्या दिवशी मुलाला फळा पुसावयास सांगावे; मग काहीतरी घडते.

चौथीनंतर मूल दुसऱ्या शाळेत जाते, किंवा बाप त्यास आपल्याजवळ परमुलखात नेतो. तेथे नव्या शिक्षकास पहिल्या दिवशी फक्त वांड मूल दिसते. म्हणून दाखल्याबरोबर, पालकांची संमती घेऊन, एक बंद पाकीट द्यावे. त्यात निदान किंवा रोगाचे नाव लिहू नये. काय केले असता मूल शांत होते, कोणत्या विषयाला त्यास भीती वाटते, कोणते दोन नियम घरी चालतात, आणि त्याला काय चांगले येते, एवढेच लिहावे. पाकीट पालकांच्या हाती द्यावे. नव्या शाळेत ते केव्हा द्यावयाचे, की द्यावयाचेच नाही, हे त्यांनी ठरवावे.